डिझेल गळत नाही, पण एअर घेते: जुन्या ट्रकच्या फीड पंपावरचा जोड दुरुस्त करताना

पहाटे सेल्फ मारला की गाडी लगेच पेटते, दहा-पंधरा सेकंद छान चालते आणि मग गचके खात बंद पडते. हातपंप मारून डिझेल वर ओढलं की पुन्हा चालू. त्यानंतर दिवसभर काही तक्रार नाही, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा तेच. लासलगावहून कांदा भरून वाशीला जायचं, रात्री मार्केटबाहेर गाडी लावायची आणि पहाटे गाळ्यावर लावायच्या वेळेला ती अशी रुसायची. आमच्या टाटा १६१३ ट्रकने तीन आठवडे हा खेळ केला. मी आधी बॅटरीवर संशय घेतला, मग फिल्टर बदलले, मग नोझल तपासून आणले. दोष निघाला टाकीतून डिझेल ओढणाऱ्या फीड पंपावर, पाइपच्या जोडातल्या एका तांब्याच्या वायसरखाली (वायसर म्हणजे बोल्टखालची चपटी चकती), आणि तो दोष मीच निर्माण केला होता. जरा शंका आली की पाना लावून त्या जोडाचा बोल्ट पिळायचा, अशी मला सवय होती.

डिझेलच्या पाइपचा जोड घट्ट करून दुरुस्त होत नाही. जोड धरतो तो बसकणीमुळे, म्हणजे दोन सपाट तोंडांच्या मध्ये मऊ तांबं नीट दाबलं गेल्यामुळे. ती बसकण बिघडली असेल तर जोर लावून ती आणखी बिघडते.

इथे जे लिहिलंय ते इनलाइन पंपाच्या जुन्या गाड्यांसाठी: १२१०, १६१३, जुन्या लेलंड, ज्यांच्या इंजिनाच्या बाजूला मायकोचा लांबट पंप आणि त्याच्या पोटाला चिकटलेला फीड पंप असतो. (मायकोचं नाव २००८ मध्ये बॉश झालं, पण पंपवाल्यांच्या तोंडी अजून मायकोच आहे.) गाडी कॉमन रेलची (सगळ्या नोझलना एकाच मोठ्या दाबाच्या नळीतून, म्हणजे रेलमधून, डिझेल देणारी) असेल तर यातलं एअर काढायचं प्रकरण तिला लावू नका. तिथे रेलमध्ये हजार बारच्या वर दाब असतो आणि चालू इंजिनावर नट सैल करणं जिवावर बेतू शकतं.

डिझेल कुठून कुठे जातं

टाकीतून निघालेला पाइप चेसिसच्या कडेने फीड पंपापर्यंत येतो. हा झाला सक्शनचा भाग. इथे डिझेल ढकललं जात नाही, ओढलं जातं. फीड पंपापासून पुढे कापडी फिल्टर, मग कागदी फिल्टर, मग मुख्य पंप. हा भाग हलक्या दाबाचा. मुख्य पंपापासून नोझलपर्यंतचे जाड पोलादी पाइप म्हणजे मोठ्या दाबाचा भाग, तिथे दोनशे बारच्या पुढे आकडा जातो. उरलेलं डिझेल रिटर्न पाइपने टाकीत परत.

हे तीन भाग डोक्यात वेगळे ठेवले तर अर्धं काम झालं. हलक्या दाबाच्या भागात जोड ढिला असेल तर डिझेल बाहेर येतं, दिसतं, वास येतो. सक्शनच्या भागात चालू गाडीवर डिझेल बाहेर येत नाही, उलट हवा आत जाते. जोड वरून कोरडा, धूळ बसलेला, एकदम निर्दोष दिसतो. गाडी रात्रभर उभी राहिली की त्याच फटीतून हवा शिरते आणि पाइपमधलं डिझेल हळूहळू टाकीत उतरतं. पहाटे इंजिन पेटतं ते पंपात आणि फिल्टरमध्ये उरलेल्या डिझेलवर. ते संपलं की बंद.

आधी जागा नक्की करा

मोठ्या दाबाच्या पाइपला गळती वाटली तर हात लावून पाहू नका. बारीक फवारा दिसतही नाही आणि कातडीतून थेट मांसात घुसतो. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, पण बोट किंवा हात गमवायची वेळ येऊ शकते. तसं झालं तर पाण्याने धुऊन बसू नका, त्याच तासाला हॉस्पिटल गाठा आणि डिझेल दाबाने आत गेलंय हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. तपासायचंच असेल तर पुठ्ठ्याचा तुकडा काठीला लावून लांबून फिरवा.

सक्शनसाठी दोन युक्त्या आहेत. पहिली डब्याची. फीड पंपाला येणारा पाइप काढा, त्या जागी चांगल्या डिझेल होजचा हातभर तुकडा लावा आणि त्याचं दुसरं टोक स्वच्छ डिझेलच्या पाच लिटरच्या डब्यात सोडा. डबा इंजिनाजवळ पण सायलेन्सर आणि फॅनपासून लांब, पडणार नाही असा बांधून ठेवा. एअर काढून (कसं ते पुढे सांगितलंय) गाडी चालवा. अर्धा तास नीट चालली तर दोष टाकीपासून इथपर्यंतच्या पाइपमध्ये किंवा तुम्ही आत्ताच काढलेल्या जोडात. तरीही बंद पडली तर दोष फीड पंपात किंवा त्याच्या पुढे.

दुसरी युक्ती पारदर्शक नळीची. फीड पंपाच्या आधी प्लास्टिकच्या पारदर्शक नळीचा वीतभर तुकडा तात्पुरता जोडा. गाडी चालू असताना त्यात बुडबुडे पळताना दिसले की हवा त्याच्या मागून, टाकीच्या बाजूने येतेय. ही नळी तपासणीपुरतीच. डिझेलने आणि उष्णतेने ती कडक होऊन तडकते, म्हणून तशीच ठेवून भाड्याला जाऊ नका.

हातपंपाची मूठही तपासा. तिच्या दांड्याची रबरी रिंग झिजली असेल तर हवा तिथूनच जाते आणि आपण पाइप खोलत बसतो.

सामान

रिंग पाने १७ आणि १९ चे, शक्यतो बारा कोनांऐवजी सहा कोनांचे. एक वायर ब्रश, रॉकेल किंवा डिझेल, सुती फडकं (लोकरी किंवा धागे सुटणारं नको), बारीक पॉलिश पेपर, काचेचा सपाट तुकडा, पाइप कटर, दोन रिकामे डबे, आणि तांब्याचे नवे वायसर. वायसर घ्यायला जाताना जुना बोल्ट खिशात घालून न्या. या पंपांवर १४ मिलिमीटर जाडीचा, दीड मिलिमीटर अंतराच्या आट्यांचा बोल्ट सर्रास दिसतो, पण वीस वर्षांत कोणी काय बदलून ठेवलंय ते सांगता येत नाही. वायसर बोल्टवर अलगद सरकला पाहिजे, आणि त्याची बाहेरची कड पाइपच्या कडीबाहेर (कडी म्हणजे पाइपच्या टोकाची गोल रिंग, जिच्यातून बोल्ट जातो) आली नाही पाहिजे. वायसर रुपयांत मिळतात. चार जास्तीचे घ्या.

खोलणं

इंजिन थंड असू द्या, बॅटरीची अर्थची वायर काढा, चाकाखाली ठोकळे लावा. डिझेल पेट घेत नाही असा एक गैरसमज आहे. आपल्याकडच्या डिझेलचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला त्याच्या वाफेला ठिणगी पुरते तो, किमान ३५ अंश असावा एवढीच मानकाची अट आहे. मे महिन्यात अकोल्याला सावलीत ४२ असतं. विडी बाजूला ठेवा.

आधी जोडाच्या चारही बाजू ब्रशने घासून रॉकेलने धुवा. हे कंटाळवाणं काम सगळ्यात महत्त्वाचं आहे, कारण फीड पंपाच्या तोंडावर साठलेली माती बोल्ट काढताक्षणी आत पडते. मुख्य पंपातला प्लंजर (डिझेल दाबणारा दांडा) आणि बॅरल (तो ज्यात सरकतो ती नळी) एकमेकांत इतके घट्ट बसलेले असतात की वाळूचा एक कण त्यांना ओरखडे पाडायला पुरतो. पंप उघडायचा खर्च जोडाच्या खर्चाच्या कितीतरी पट.

टाकी फीड पंपापेक्षा वर असेल किंवा गाडी उतारावर असेल तर पाइप काढल्यावर डिझेल वाहत राहील. पाइपच्या तोंडाला मापाचा रबरी बूच तयार ठेवा. फडकं कोंबू नका.

बोल्ट सुटत नसेल तर गंज सोडवणारं तेल लावून रात्रभर ठेवा. आधी किंचित घट्ट, मग सैल, असं दोन-तीनदा केल्यावर बहुतेक वेळा सुटतो. गॅसचा बर्नर इथे कोणीही आणू नये.

बोल्ट निघाल्यावर दोन वायसर निघतात, एक बोल्टच्या डोक्याखाली आणि एक कडीच्या मागे. मागचा बऱ्याचदा पंपाला चिकटून राहतो आणि त्यावरच नवा बसतो. टॉर्च मारून पाहा. एकावर एक दोन वायसर असले तर जोड कधीच धरत नाही.

आणखी एक, ज्यावरून मी एकदा पंपवाल्याच्या शिव्या खाल्ल्यात. मुख्य पंपावरचा रिटर्नचा बोल्ट दिसायला याच्यासारखाच असतो, पण त्याच्या आत स्प्रिंग आणि व्हॉल्व्ह असतो. त्यामुळेच पंपातला हलका दाब टिकून राहतो. तो फीड पंपावर आणि साधा बोल्ट रिटर्नवर गेला तर गाडी पिकअप सोडते आणि दोष कुठे आहे ते आठवडाभर कळत नाही. बोल्ट काढले की प्रत्येकावर खूण करून ठेवा.

काय बिघडलंय ते पाहा

वायसर हातात घ्या. त्यावर गोल खोल चर पडलाय, कड दबून बाहेर आलीय, असं असेल तर नवीन घाला. आडगावात नवीन मिळत नसेल तर जुना वायसर मऊ करता येतो: लाल होईपर्यंत तापवा आणि पाण्यात टाका. पोलाद असं केल्यावर कडक होतं, तांबं मऊ पडतं. दाबून दाबून तांबं कडक झालेलं असतं, ते पुन्हा मऊ झालं की बसकण घेतं. वरची काळी खपली पॉलिश पेपरने काढा. पण चर पडलेला वायसर मऊ करून उपयोग नाही, आणि हे सगळं गाडीपासून लांब.

कडीची दोन्ही तोंडं पाहा. नख फिरवल्यावर ओरखडा लागत असेल तर काचेवर पॉलिश पेपर ठेवा, डिझेलचे दोन थेंब टाका आणि कडी इंग्रजी आठच्या आकारात फिरवून घासा. कानस लावू नका, तोंड तिरकं होतं. आमच्या कडीला माझ्या पिळण्यामुळे एका बाजूला चक्क दरी पडली होती. ती घासून जाण्यातली नव्हती.

कडी आणि पाइप जिथे जोडलेत ती झाळ बारकाईने तपासा. कडीपासून पाव-अर्ध्या इंचावर केसाएवढी तडा जाते. तपासायला सोपं: पाइपचं एक टोक बुचाने बंद करा, पाइप पाण्याच्या बादलीत बुडवा आणि दुसऱ्या टोकातून सायकलच्या पंपाने हळू हवा द्या. बुडबुडा कुठून निघतो ते दिसतं.

तडा असेल तर दोन मार्ग. नवा पाइप हा उत्तम. नाही मिळाला तर पितळी झाळ लावून घ्या, पण पाइप गाडीवरून पूर्ण काढून, धुऊन, हवा मारून कोरडा केल्यावरच. आत डिझेलची वाफ राहिली तर ती पेटते. झाळवाल्याकडून आल्यावर टाकणखाराची काचेसारखी खपली गरम पाण्यात भिजवून काढा, कडीच्या भोकातून तार फिरवा, आरपार उजेड दिसतो का पाहा आणि पुन्हा हवा मारा. पितळ वाहून भोक अर्धं बंद झालेले पाइप मी पाहिलेत. गाडी चालते, पण घाटात लोड आला की जीव टाकते. कथलाचा साधा डाग इंजिनाच्या हादऱ्याला टिकत नाही. एम-सील, साबण, टायरच्या ट्यूबची पट्टी हे सगळं गॅरेजपर्यंत पोचण्यासाठी, आणि तेही फक्त टाकीकडच्या भागाला. नोझलच्या पोलादी पाइपला झाळ, पट्टी, तुकडा काहीही चालत नाही. तो तडकला की नवाच, त्याच सिलिंडरचा, त्याच वळणाचा.

आता आटे. बोल्टचे आटे गेले असतील तर बोल्ट बदला, प्रश्न मिटला. पंपाच्या बॉडीतले गेले असतील तर जागेवर टॅप फिरवायचा मोह आवरा, कीस थेट आत जातो. फीड पंप मुख्य पंपावरून खोलून, सगळे भाग बाहेर काढून लेथवाल्याकडे न्या आणि हेलिकॉइल, म्हणजे पोलादी तारेचे आटे, बसवून घ्या. जुना फीड पंप खूपच झिजला असेल तर त्याच वेळी तो बदलणं शहाणपणाचं. खोलायची मजुरी एकदाच लागते.

आटे सैल वाटले की टेफ्लॉनची पट्टी गुंडाळायची पद्धत सगळीकडे आहे. पाण्याच्या नळाला ती ठीक. इथे आटे गळती थांबवतच नाहीत, वायसर थांबवतो. पट्टीचा तुटलेला धागा मात्र पुढे जाऊन फीड पंपाच्या व्हॉल्व्हमध्ये अडकतो.

मधला तुकडा बदलायचा असेल तर

चेसिसच्या कडेला पाइप घासून भोक पडलं असेल तर तेवढा भाग कापून होज टाकता येतं. पाइप कटरने कापा. एक्सा ब्लेडने (लोखंड कापायच्या करवतीने) कापलंत तर आतला कीस झटकून, हवा मारून साफ करा. होज डिझेलचंच हवं. रेडिएटरचं किंवा पाण्याचं होज डिझेलने फुगतं, आतून सोलतं आणि त्याचे काळे कण फिल्टरला जाऊन बसतात. दोन्ही बाजूंना होज किमान बोटभर चढवा, प्रत्येक टोकाला एक क्लिप, आणि पाइपच्या टोकाला थोडी फुगवटी काढून घेतलीत तर उत्तम. बाइंडिंगची तार पिळून क्लिपचं काम होत नाही, ती होजला कापते.

नवा पाइप बनवताना तांब्याचा घेऊ नका, जरी वाकवायला तो सोपा असला तरी. हादऱ्यांनी तांबं कडक होऊन तडकतं आणि डिझेल खराब व्हायलाही तांबं हातभार लावतं. पोलादी पाइप घ्या, आणि गॅल्व्हनाइज्ड नको.

बसवणं

पाइप जोडाला खेचून आणावा लागत असेल तर थांबा. कडी हाताने, विनासायास, बोल्टच्या भोकासमोर यायला हवी. पाइप ताणून बसवला की महिन्याभरात झाळ तडकते. आधी वळण दुरुस्त करा.

वायसर, कडी, वायसर अशा क्रमाने बोल्ट हाताने शेवटपर्यंत फिरवा. हाताने जात नसेल तर आटे तिरके लागलेत. पाइपच्या सगळ्या क्लिपा आधी सैल ठेवा, जोड घट्ट करा, मग क्लिपा आवळा. जोड आवळताना दुसऱ्या हाताने पाइप धरून ठेवा, नाहीतर कडी बोल्टबरोबर फिरते आणि नवं वायसर कापलं जातं. पाना लहान, मनगटाचा जोर. तांबं दबताना हाताला मऊ लागतं, मग एकदम कडक लागतं. तिथे थांबा. पान्यावर पाइप चढवून जोर लावणारा क्लीनर असेल तर त्याला चहा आणायला पाठवा.

एअर काढणं

हातपंपाची मूठ डावीकडे फिरवून मोकळी करा. फिल्टरच्या डोक्यावरचा एअर स्क्रू दोन आटे सैल करा, खाली डबा धरा आणि पंप मारा. आधी नुसता फसफस आवाज, मग फेस, मग बुडबुड्यांचं डिझेल, मग सलग धार. सलग धार आल्यावर आणखी दहा वेळा मारा आणि पंप चालू ठेवूनच स्क्रू बंद करा. दुहेरी फिल्टर असेल तर दोन्हींचं करा. नंतर मुख्य पंपावरच्या स्क्रूचं तसंच. पन्नासेक वेळा मारूनही धार येत नसेल तर जोड अजून हवा घेतोय किंवा टाकीतली जाळी तुंबलीय.

मग बॅटरीची अर्थ परत जोडा, नोझलच्या बाजूचे दोन-तीन नट अर्धा आटा सैल करा, तोंड आणि हात लांब ठेवा आणि सेल्फ मारा. एका वेळी पंधरा सेकंदांच्या वर नाही, मध्ये मिनिटभर विश्रांती, नाहीतर सेल्फ जळतो. नटांतून डिझेल ठिबकायला लागलं की सेल्फ सोडा, नट आवळा आणि स्टार्ट करा. थोडी थरथरेल, पांढरा धूर टाकेल, मिनिटाभरात सरळ होईल. हातपंपाची मूठ दाबून पुन्हा उजवीकडे घट्ट करायला विसरू नका. मोकळी राहिली तर तिथूनच हवा जाते आणि सगळं काम वाया गेल्यासारखं वाटतं.

सांडलेलं डिझेल पुसून घ्या. भिजलेली फडकी कॅबिनमध्ये सीटखाली ठेवू नका.

आणि ती क्लिप

आमच्या गाडीत वायसर, कडी सगळं बदलल्यावर पंपवाल्या चाचांनी विचारलं, "पाइपची क्लिप कुठंय?" क्लिप नव्हतीच. मागे कधीतरी कोणी काढली आणि परत लावलीच नाही. चेसिसवरच्या शेवटच्या क्लिपपासून फीड पंपापर्यंत जवळजवळ दोन हात पाइप लोंबकळत होता, आणि इंजिनाचा सगळा हादरा त्या एका कडीवर येत होता. म्हणून जोड ढिला पडायचा, म्हणून मी पिळायचो. रबराची पट्टी आत घालून एक क्लिप लावली. पत्र्यावर थेट आवळलेली क्लिप पाइपला घासून भोक पाडते, म्हणून रबर हवंच. आणि इंजिन आणि चेसिस यांच्यामध्ये पाइपला थोडी ढील हवी, कारण इंजिन त्याच्या रबरांवर हलतं आणि चेसिस वेगळं हलतं. ती ढील देण्यासाठीच तिथे मुळात होजचा तुकडा असतो.

गाडी पन्नास-शंभर किलोमीटर चालवून आणल्यावर जोडाखाली कोरा पुठ्ठा टाका आणि रात्रभर तशीच ठेवा. पहाटे पुठ्ठा कोरा आणि हातपंप न मारता इंजिन पाच मिनिटं चाललं तर जोड धरला. पुठ्ठा कोरा पण गाडी पुन्हा बंद पडली, तर टाकीवरचा सक्शन पाइपचा जोड खोला. तिथेही तसाच वायसर असतो.